ट्रोफिमसचं आडनाव

सम्राट मेल्याची बातमी पुतिओलीच्या बंदरावर आली तेव्हा होराया हौद ढवळत होती. तिनं ढवळणं काही थांबवलं नाही.

थांबवणार कसं? बांगड्यांची आतडी, बारीकसारीक मासळी, त्यावर मीठ आणि त्यावर ऊन. तीन-तीन महिने रोज दांडा फिरवावा लागतो, तेव्हा कुठे खाली मधाच्या रंगाचा खारा रस उतरतो. रोममधले मोठे लोक तो जेवणावर थेंबथेंब घालतात आणि बोटं चाटतात. तेच लोक उन्हाळ्यात पालखीतून होरायाच्या हौदांवरून जाताना नाकाला फडकं लावतात. होराया अशा वेळी वारा कुठून येतोय ते बघून मुद्दाम जवळ जायची आणि वाकून नमस्कार करायची.

तिची सून सेकुंदा धक्क्यावरून पळत आली. मुलगा रस घेऊन रोमला गेलेला, त्यामुळे घरात या दोघीच होत्या.

“आत्याबाई, ऐकलंत? डोमिशियन गेला! राजवाड्यातच भोसकला म्हणे, घरच्याच माणसांनी!”

“बरं. त्या पलीकडच्या हौदावर झाकण ओढ. माशा बसल्यात.”

“अहो, सम्राट मेलाय!”

“मग काय करू, छाती बडवू? मला आठवतात त्यातला नववा हा. पहिल्या दोघातिघांच्या वेळी मीसुद्धा अशीच धापा टाकत आले होते.”

खरंच नववा होता. होराया सात-आठ वर्षांची असताना कॅलिगुलानं याच आखातावर पूल बांधला. पूल कसला, धान्याची गलबतं शेजारीशेजारी बांधून त्यावर माती लोटली, आणि सोन्याचं चिलखत घालून स्वारी घोड्यावरून पलीकडे गेली, दुसऱ्या दिवशी अलीकडे आली. झालं. एवढ्यासाठी गलबतं अडकली, मिसरचं धान्य मिसरमध्येच राहिलं, आणि त्या हिवाळ्यात होरायाच्या आईनं कोंड्याच्या भाकरी थापल्या. लोकांनी मात्र टाळ्या वाजवल्या. लोक काय, हत्ती हगला तरी टाळ्या वाजवतात. पुढे नीरोनं आपल्या जन्मदात्या आईला मारलं, तेही समोरच्याच किनाऱ्यावर, आणि आसपासच्या गावांनी देवळांत धूप जाळला. आई मेली म्हणून नव्हे, तिच्या कटातून लेक वाचला म्हणून!

होराया राज्यं वर्षांनी मोजत नसे, हौदांतल्या घाण्यांनी मोजत असे. नीरोच्या मागून आलेला गॅल्बा कसाबसा दोन घाणे टिकला. ओथोचा एकच घाणा, तोही हिवाळ्यातला, आणि तो गाळायच्या आत ओथोची राख झाली. व्हिटेलियस दोन-तीन घाणे टिकला, पण तेवढ्यात दहा हौदांचं खाऊन गेला. मग व्हेस्पासियन आला. धोबी कपडे धुवायला मूत वापरत, त्या मुतावर त्यानं कर बसवला, आणि मेल्यावर रोमच्या लोकांनी त्याला देव केलं. त्याचा थोरला टायटस दोन वर्षांत गेला, तोही देव. धाकटा डोमिशियन मात्र देव व्हायला मरायचीही वाट बघेना. मला देव म्हणा, असं जिवंतपणीच सांगायला लागला. आता पोटात सुरी घेऊन पडला होता.

“मेला तर मेला,” होराया म्हणाली. “मीठ आण.”

एवढं बोलून ती खरोखर विसरलीही असती. पण त्या मेल्या सम्राटाच्या नावाशेजारी एका दगडावर तिच्या नवऱ्याचं नाव होतं.

तिचा नवरा ट्रोफिमस जन्मानं गुलाम. सम्राटाच्या धान्यकोठारात मापं टाकायचा. गुलामाला एकच नाव असतं, कुत्र्याला असतं तसं. हाक मारायला पुरतं. डोंगर फुटून पलीकडची गावं राखेखाली गेली त्याच्या पुढच्या वर्षी टायटसनं काही जुन्या माणसांना मोकळं केलं, त्यात ट्रोफिमस होता. सुटलेल्या माणसाला धन्याचं पहिलं नाव आणि आडनाव मिळतं. सकाळी कोठारात गेलेला ट्रोफिमस संध्याकाळी टायटस फ्लावियस ट्रोफिमस होऊन घरी आला. दारातच उभा राहिला. आत येईना.

“काय झालं?” होरायानं विचारलं होतं.

“काही नाही. एवढं लांब नाव घेऊन दारातून मावेन का बघतोय,” तो म्हणाला होता.

मग त्यानं पैसे भरून होरायालाही गुलामीतून सोडवलं, हौद बांधले, धंदा वाढवला. पन्नाशी उलटल्यावर मासळीबाजारात स्वतःच्या पैशानं पाण्याचा नळ आणि दगडी टाकं बांधलं. आधी बायकांना पाण्यासाठी टेकडीवर जावं लागे. टाक्याच्या तोंडावर गुळगुळीत पांढरा दगड बसवला. वरच्या ओळीत सम्राट सीझर डोमिशियन, त्याच्या मागे त्याच्या पदव्यांची शेपटी. खालच्या ओळीत, टायटस फ्लावियस ट्रोफिमस यानं स्वतःच्या पैशानं बांधलं.

नंतर तो समुद्रावर गेला तो परत आला नाही. सिसिलीच्या वाटेवर गलबत बुडालं. प्रेत नाही, राख नाही, रस्त्याकडेला थडगं नाही. आणि या मुलखातली माणसं मानतात की मेलेल्याचं नाव कुणीतरी मोठ्यानं वाचलं म्हणजे त्याला खाली ऐकू येतं. म्हणून तर थडगी वेशीबाहेर रस्त्याला लागून बांधतात, येणाऱ्याजाणाऱ्यानं वाचावं म्हणून. ट्रोफिमसकडे तो एक दगड तेवढा होता. फेब्रुवारीत मेलेल्यांचे दिवस आले की सगळं गाव वेशीबाहेर जायचं आणि होराया मासळीबाजारात जायची. टाक्याच्या काठावर मीठ, वाइनमध्ये भिजवलेली भाकरी आणि जांभळी फुलं ठेवायची. लोक हसायचे. “नळाला जेवू घालतेय बघा म्हातारी!” म्हणायचे. हसू देत. तेच लोक त्याच नळाखाली घागर धरायचे.

होरायाला वाचता येत नव्हतं. तिला त्या ओळीवरून बोट फिरवता येत होतं, बस्स. रोमन लिपीत टायटस एका अक्षरात लिहितात, उभ्या काठीवर आडवी काठी. मग फ्लावियसची सात अक्षरं. मग ट्रोफिमसची नऊ, त्यातलं एक वाटोळं, त्यात तिचं बोट बरोब्बर बसायचं.

आठवड्याभरात रोमहून हुकूम आला. सेनेटनं ठरवलं होतं, डोमिशियनचे पुतळे पाडा, दगडादगडावरून त्याचं नाव पुसा, तो झालाच नव्हता असं समजा. पंधरा वर्षं झालाच नव्हता! आणि हुकूम बजावायला पुतिओलीत कोण होता, तर मार्कस कोसिनियस, यंदाचा नगरकारभारी. या कोसिनियसनं गेल्या साली नवा रस्ता झाला तेव्हा डोमिशियनच्या पुतळ्याच्या पायावर डोकं ठेवून असा गळा काढला होता की लोकांना वाटलं याचा बापच गेला. आता त्याच पुतळ्याच्या मानेला दोर बांधून चार गाढवं जुंपली, आणि पहिली शिवी यानंच दिली. घसा तोच, सूर बदलला.

सेकुंदानं ते बघून येऊन सांगितलं. “गावातला प्रत्येक जण म्हणतोय, मला तो आधीपासून आवडत नव्हता. त्याची मातीची मुंडकी विकायचा ना कोपऱ्यावरचा कुंभार, तोसुद्धा!”

“त्याला मग आवडायचं काय, माती?” होराया म्हणाली. “आपल्या दगडाचं काय?”

“वरची ओळ जाणार. जाऊ देत की.”

“जाऊ देत. ट्रोफिमसला शेजार बरा नव्हताच.”

ती निर्धास्त होती. तीच चूक झाली.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती मीठ घ्यायला बाजारात निघाली. टाक्याजवळ पाथरवट स्टाफिलस बसला होता, मांडीवर दगडाचा पांढरा भुगा. हा सीरियाचा. हात सोन्याचा, पण रोमन अक्षरं त्याला वाचता येत नसत. कुणी लिहून द्यायचं आणि यानं आकार बघून कोरायचं.

“मोकळा झालास का रे?” असं काहीतरी सहज विचारावं म्हणून ती जवळ गेली आणि सवयीनं तिचं बोट खालच्या ओळीकडे गेलं.

उभी काठी आडवी काठी नव्हती. सात अक्षरं नव्हती. तिथं खरबरीत खळगा होता, ओला, पांढरा, नुकत्याच खवले काढलेल्या मासळीसारखा. खळग्यानंतर ट्रोफिमसची नऊ अक्षरं जशीच्या तशी होती. आणि वरच्या ओळीत सम्राट सीझर डोमिशियन आपल्या सगळ्या पदव्यांसकट ऐटीत बसला होता. त्याच्या नखालाही धक्का नव्हता.

होराया खाली बसली.

“स्टाफिल्या,” ती म्हणाली, “काय केलंस हे?”

“सांगितलं ते केलं, मावशी. कारभाऱ्यांच्या कारकुनानं खापरीवर लिहून दिलं. हे आकार दिसतील तिथे फोड म्हणाला.” त्यानं कमरेची खापरी काढली. तिच्यावर कोळशानं सात अक्षरं होती. “एवढंच होतं या दगडावर. आधीची काठी त्याचंच शेपूट असेल म्हणून तीही काढली. चुकलं का?”

सेकुंदा मागून आली होती. तिनं खापरी हातात घेऊन वाचली, दगड वाचला, आणि तोंडावर पदर धरला.

“आत्याबाई, फ्लावियस लिहिलंय यावर. कारभाऱ्यानं घराण्याचं आडनाव पुसायला सांगितलं. पण सम्राट कुठे दगडावर आपलं आडनाव लिहितात?”

नाहीच लिहीत. ज्याला सगळं जग ओळखतं तो आडनाव कशाला लिहील? आडनाव लिहितो तो काल सुटलेला गुलाम, कारण त्याला ते मिळवायला चाळीस वर्षं लागलेली असतात. कोसिनियसला सरकारनिष्ठेची एवढी घाई, की नुसतं डोमिशियन पुसून भागेना, अख्खं घराणंच पुसायचं होतं; घराणं गेलं की डोमिशियनही गेला असं धरून खापरीवर आडनाव तेवढं लिहिलं. आणि दगडावर ते आडनाव सापडलं एका कोठारातल्या मापाड्याच्या नावात. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही.

होरायानं ओळीवरून पुन्हा बोट फिरवलं. खळगा, आणि मग ट्रोफिमस. नुसता ट्रोफिमस. हाक मारायला पुरतो तेवढा. मेल्यावर चार वर्षांनी त्यांनी त्याला पुन्हा गुलाम केला होता, भर बाजारात, त्याच्याच नळावर.

“खापरी दे,” ती म्हणाली.

“मावशी, ती मला परत द्यायचीय—”

“दे म्हटलं ना. आणि इथून हलू नकोस. मी येईपर्यंत दगडाला हात लावलास तर ती छिन्नी तुझ्या कुठे जाईल ते तुझ्या देवांनाही सांगता यायचं नाही.”

कोसिनियस चौकात उंच खुर्चीवर बसून लोकांची गाऱ्हाणी ऐकत होता. डोक्यावर पुजाऱ्याची टोकदार टोपी होती, कारण तो देव टायटसचा पुजारीही होता आणि ते कुणी विसरू नये अशी त्याची इच्छा असे. समोर रांग होती. होराया रांगेच्या कडेनं सरळ पुढे गेली.

“ए म्हातारे, रांग दिसत नाही?” कारकून ओरडला.

“दिसते की. पण माझा वास यांना सोसवेना, यांनीच मला पुढे काढलं.”

रांग हसली. कोसिनियसनं नाक आक्रसलं. “बोल लवकर. काय हवंय?”

“माझा नवरा.”

“कुठे हरवला?”

“हरवला नाही, कारभारी. तुम्ही पुसला.”

मग तिनं सगळं सांगितलं. कोसिनियसनं कारकुनाकडे बघितलं. कारकुनानं आभाळाकडे बघितलं.

“झालं ते वाईट झालं,” कोसिनियस मोठ्या मनानं म्हणाला. “पण तू उगाच जिवाला लावून घेतेस. चार दिवसांत तो अख्खा दगड घासून गुळगुळीत होणारच आहे. नव्या सम्राटांचं नाव येईल, नर्व्हांचं. सुंदर अक्षरांत. आणि खाली...”

“खाली?”

“खाली ज्यानं हे जीर्ण टाकं पुन्हा उभं केलं त्याचं.”

“म्हणजे तुमचं.”

“शहराच्या वतीनं.”

“जीर्ण? सात वर्षांचं आहे ते! तुमची ही टोपीसुद्धा त्याहून जुनी असेल.” होरायाचा आवाज चढला. “पाणी त्यानं आणलं, शिशाची नळी त्यानं घातली, दगड त्यानं आणला. तुम्ही काय उभं केलंत? आजवर त्या टाक्याशी एकदा उभे राहिलात, तेही दारू प्यायल्यावर, आणि पाणी प्यायला नव्हे!”

आता रांगच उरली नाही, सगळे गोल करून उभे राहिले. मासळीवाल्या टोपल्या खाली ठेवून आल्या. धान्यकोठाराचा शाही मुकादम वाटेत होता तोही थांबला. हा माणूस दर पाच दिवसांनी रोमला पत्र धाडायचा, आणि पत्रात काय असतं ते कुणाला कळत नसे. कोसिनियसनं त्याला पाहिलं आणि त्याचा सूर एकदम मऊ झाला.

“हे बघ, होराया. मी काही वैरी नाही तुझा. तुझ्या नवऱ्याचं नाव राहील असं करू. पूर्ण नाव, आडनावासकट. फक्त एक कर. इथे सगळ्यांसमोर सांग की ट्रोफिमसला त्या राक्षसाचं नाव घालायचं नव्हतं. त्याच्यावर बळजबरी झाली. मनातून तो त्याचा द्वेष करायचा. कारकून लिहून घेईल, मी वर पाठवीन. तुझ्या नवऱ्याचा मान वाढेल.”

“आणि तुमचा?”

“माझाही वाढला तर तुझ्या पोटात दुखायचं काय कारण?”

दोन-तीन वाक्यांचं काम होतं. सेकुंदानं मागून तिचा हात दाबला, जणू म्हणत होती, बोलून टाका, म्हणजे नाव परत येईल. गावातला प्रत्येक जण आठ-दहा दिवस तेच म्हणत होता. एक खोटं आणखी पडलं असतं तर आखात काही उसळलं नसतं. पण होरायाला दारात उभा राहिलेला ट्रोफिमस दिसला, लांब नाव घेऊन, आत यायला लाजणारा. या माणसाच्या तोंडी मेल्यावर कोसिनियसचे शब्द घालायचे? मग दगडावर आडनाव राहील, पण माणूस कोसिनियसचाच गुलाम होईल.

“माझ्या नवऱ्याला सम्राटांचा द्वेष करायला सवड नव्हती,” ती म्हणाली. “प्रेम करायलाही नव्हती. त्याला मासळी खारवायची होती. त्यानं ते नाव घातलं कारण ते घातल्याशिवाय तेव्हाचा कारभारी नळाला परवानगी देईना. तेव्हाचा कारभारी कोण होता, आठवतंय? तुमचे वडील.”

एक मासळीवाली खिंकाळली.

“आता तोंड आवर,” कोसिनियस म्हणाला.

“आवरते. एकच विचारते, अडाणी बाईचा प्रश्न आहे. दर महिन्याला ही टोपी घालून तुम्ही धूप कुणापुढे जाळता?”

“देव टायटसपुढे. गावाला ठाऊक आहे.”

“देव व्हायच्या आधी त्यांचं नाव काय होतं?”

कोसिनियसनं डोक्यावरची टोपी सारखी केली.

“टायटस फ्लावियस!” मागून एक हमाल ओरडला. त्याला वाटलं, ओळखणाऱ्याला बक्षीस आहे.

“मोठ्यानं म्हण रे बाबा, कारभाऱ्यांना ऐकू आलं नाही.”

“टायटस फ्लावियस!” हमाल आणखी जोरात ओरडला.

होरायानं पदराखालून खापरी काढली आणि शाही मुकादमाला दिसेल अशी वर धरली. “ही बघा. कारभाऱ्यांच्या कचेरीतून आलीय. यावर लिहिलंय, फ्लावियस दिसेल तिथे फोडा. माझ्या नवऱ्याला ते नाव खुद्द टायटसनं दिलं, ज्यांना रोमनं देव मानलं. मासळीबाजारात जाऊन बघा, देवाचं नाव छिन्नीनं फोडलंय. आणि ज्याचं पुसायचं होतं तो डोमिशियन वर जसाच्या तसा बसलाय, सगळ्या पदव्यांसकट. देव पुसला आणि राक्षस ठेवला! आणि हे कुणी केलं? देवाच्याच पुजाऱ्यानं. मला कळत नाही बाई, मी अडाणी. हे असंच करायचं असतं का?”

मुकादम खापरीकडे बघत होता. त्यानं हात पुढे केला, खापरी घेतली, वाचली आणि परत दिली. एक शब्द बोलला नाही, आणि कोसिनियसला ते बोलण्यापेक्षा जास्त लागलं. त्याचा हात वर गेला आणि त्यानं डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

“कारकुनाची चूक आहे,” तो म्हणाला.

“असेलच. चूक नेहमी कारकुनाची असते.”

“नाव पुन्हा कोरून घ्या. पूर्ण. आजच.”

“आज नाही,” होराया म्हणाली. “आत्ता. आणि वरचं पुसायचं ते?”

“तेही! ते तर आधी! त्या नावाचं एक अक्षर राहता कामा नये!” तो मुकादमाकडे बघून ओरडला. “एक रेघसुद्धा!”

“ऐकलंत सगळ्यांनी,” होराया म्हणाली, आणि निघाली.

स्टाफिलस हलला नव्हता. होरायानं एका मासळीवालीची टोपली उलटी घातली आणि दगडासमोर बसली. त्यानं आधी खळगा सपाट केला, मग कोळशानं आकार काढले. सेकुंदानं एकेक अक्षर तपासलं. छिन्नी चालायला लागली. खळग्यामुळे नवी अक्षरं बाकीच्यांपेक्षा बोटभर आत गेली, आणि जरा दाटीनं बसली, पण बसली. होरायानं बोट फिरवलं. उभी काठी, आडवी काठी. सात अक्षरं. मग जुनी नऊ. तिनं पुन्हा एकदा फिरवलं, स्टाफिलस थांबून राहिला.

“आता वरची ओळ,” तो म्हणाला. “किती खोल घेऊ, मावशी? उद्या परवा यातच नव्याचं नाव कोरायचंय, असं तुम्ही पोचायच्या आधीच कारकुनानं पोऱ्या धाडून कळवलंय. आणि ते लांबलचक आहे, कारभाऱ्यांचंही त्याखालीच घालायचं. तुमच्या ओळीवर थोडं येईल असं दिसतं.”

तर असं होतं. चौकात भीतीनं दिलं ते पाठीमागून परत घ्यायचं ठरलं होतं.

“या दगडाच्या मागे काय आहे रे?” तिनं विचारलं.

“नळी. तुमच्याच घरची, शिशाची.”

“आणि कारभाऱ्यांचा हुकूम काय आहे?”

“एक रेघ राहता कामा नये.”

“मग राहू देऊ नकोस.”

स्टाफिलसनं तिच्याकडे बघितलं. मग त्यानं धारदार छिन्नी ठेवली आणि पिशवीतली सगळ्यात जाड काढली.

दुपारपर्यंत तो खणत होता. सम्राट गेला, सीझर गेला, डोमिशियन गेला, पदव्या गेल्या. भुगा टाक्यात पडून पाणी दुधासारखं झालं आणि बायका कुरकुरायला लागल्या. ओळीच्या जागी आडवी चर झाली, मनगटभर खोल, तळाशी वेडीवाकडी. कारकून काखेत मेणाची पाटी घेऊन आला तेव्हा स्टाफिलस छिन्नी पुसत होता.

कारकुनानं पाटी उघडली. नर्व्हा, त्याच्या पदव्या, खाली मार्कस कोसिनियस. मग त्यानं दगड बघितला आणि पाटी मिटली.

“इतकं खोल कुणी खणायला सांगितलं?”

“तुमच्याच मालकांनी,” होराया म्हणाली. “चौकात, शंभर माणसांसमोर. एक रेघ राहिली असेल तर दाखवा. लाजू नका, हात घालून बघा.”

कारकुनानं खरंच हात घातला. “हे सपाट करून वर कोरता येईल का रे?”

“आणखी एक बोट आत गेलो की नळी फुटते, साहेब,” स्टाफिलस म्हणाला. “मग कारभाऱ्यांचं नाव नाही येणार, पाणी येईल. अख्ख्या बाजारात.”

“मग मी नव्या सम्राटांचं नाव घालू कुठे?”

“माझ्याच वयाचे आहेत ना ते?” होराया टोपलीवरून उठत म्हणाली. उठताना तिचे गुडघे कडकडले. “त्यांना माझा निरोप कळवा. म्हणावं, या वयात आधी पाय सांभाळा. नावाचं मागाहून बघता येईल.”

कारकून आणखी काही बोलणार होता, पण मागे घागरी घेऊन बायका खोळंबल्या होत्या, आणि त्यांनी त्याला कोपरानं बाजूला सारलं.